नाळेवरचा महेंद्र

बोटीच्या पुढच्या निमुळत्या टोकाला नाळ म्हणतात. महेंद्र गमरेचं निम्मं आयुष्य त्या टोकावर गेलं. जागा किती, तर एक गुडघा टेकावा आणि दुसरा अधांतरी राहावा एवढी. पुढे पाणी, खाली पाणी आणि तोंडावर थपडा मारणारं शीड.

मूळचा तो हेदवीच्या अलीकडचा. बापाला वाटे पोराने मास्तर व्हावं. पोर दहावीला दोनदा आपटलं आणि मामाने त्याला मुंबईत शिडाच्या बोटींच्या एका क्लबात बोटवाला म्हणून चिकटवलं. मास्तरकी घरात आली ती बायकोच्या पायाने. मनाली झेडपीच्या शाळेत शिक्षिका, आधी गुहागरला आणि आता खेडला. महेंद्र मात्र जयगडात. क्लबातल्या डॉक्टर पोंक्ष्यांनी दवाखाना बंद केला, ‘टिटवी’ नावाची आपली शिडाची बोट उचलली आणि जयगडच्या खाडीत आणून नांगरली. येताना बोटीबरोबरचं सगळं सामान आणलं. दोर, नांगर, महेंद्र.

जयगडच्या घराच्या आउटहाउसमधली एक खोली त्याला दिली. खिडकीतून टिटवी दिसायची. ‘झोपेतसुद्धा लक्ष राहील,’ असं डॉक्टर म्हणाले होते आणि ते अगदी खरं झालं. रात्री वारा फिरला की महेंद्रचे डोळे आपोआप उघडायचे.

अडकला होता तो पुढच्या शिडाने. टिटवीचं पुढचं शीड जुन्या तऱ्हेचं, डोलकाठीच्या टोकापासून नाळेपर्यंत ताणलेल्या पोलादी तारेला आकड्यांनी लटकवलेलं. वर चढवायला दोर होता, पण खाली घ्यायचं तर कुणीतरी नाळेवर जाऊन दोन्ही हातांनी ओढून, वर बसून, दाबून धरावं लागे. डॉक्टरांचा उजवा खांदा धरलेला. म्हणजे कुणीतरी म्हणजे महेंद्रच. आणि डॉक्टरांना लहर यायची ती वारा बघून. वारा काही रविवार पाळत नाही. मनालीकडे जायचं तर डॉक्टरांना ताप यावा लागे.

“या रविवारी?” मनाली फोनवर विचारायची.

“बघतो. वारा उतरला तर.”

“अहो, मी वर्गात पोरांना वारे शिकवते. मतलई, खारे, मोसमी. तुमचा कुठला हो, जो कधी उतरतच नाही?”

त्याला हसू यायचं आणि फोन ठेवल्यावर तो खिडकीतून टिटवीकडे बघत बसायचा. नोकरी सोडून चालतं व्हायला त्याला कुणी साखळीने बांधलं नव्हतं. पण मुंबईत असताना बाप आजारी पडला तेव्हा डॉक्टरच रात्रभर उशाशी बसले होते. त्या माणसाची एवढी एक हौस. ती पाण्यावरून उचलून किनाऱ्यावर टाकायची आणि आपण एसटीत बसायचं, हे त्याच्याने होईना. साखळी असती तर कानसीने कापली असती.

मागच्या पावसाळ्यात डॉक्टरांनी कुठेसं वाचलं की पुढचं शीड आता नाळेवर न जाताच गुंडाळता येतं. तारेभोवती ॲल्युमिनियमची पन्हळीची नळी, खाली एक रीळ, वर फिरता सांधा. मागे सुकाण्यापाशी बसून रिळाचा दोर ओढला की नळी फिरते आणि शीड खिडकीच्या पडद्यासारखं तिच्याभोवती गुंडाळलं जातं. डॉक्टर त्याला फर्लर म्हणत. महेंद्रने ऐकताक्षणी नाव ठेवलं फिरकी. आणि त्याच क्षणी त्याच्या छातीत काहीतरी उघडलं. नाळेवर कुणी जायलाच नको, म्हणजे त्याने तरी कशाला जायचं?

पडवीत लॅपटॉप उघडून निवड सुरू झाली. डॉक्टरांना एक देखणी आवडली. तिचं रीळ फळीच्या, म्हणजे डेकच्या खाली लपतं, वर काही दिसत नाही.

“सुंदर आहे रे. नाळ कशी मोकळी दिसते बघ.”

“दिसंल सुंदर. पण आत गाळ बसला तर हात कुटनं घालायचा? आपल्या खाडीचं पाणी बगताव ना, चहा हाय नुसता.”

दुसरी होती न संपणाऱ्या गोल दोराची. ती हलक्या वाऱ्याच्या पातळ शिडाला ठीक. तिसरी स्वस्त, रीळ एवढंसं. महेंद्रने मान हलवली. “वारा वाढला की शीड घट्ट गुंडाळतां. घट्ट गुंडाळलां की वेढे जास्त लागतात. ह्या रिळात तेवढा दोर मावनार नाय. आयत्या वेळी दोर संपंल आनि शिडाचा कोपरा बाहेर ऱ्हाईल बोंब मारत.”

“मग तू म्हणशील ती,” डॉक्टर म्हणाले.

त्याने चौथी धरली. रीळ फळीपासून वीतभर उंच, हाताला येणारं. आतल्या गोळ्या उघड्या, वरून गोडं पाणी ओतलं की मीठ धुऊन निघेल अशा. पण डॉक्टरांना न सांगितलेली एक कसोटी त्याच्या मनात होती. ही फिरकी त्यांच्या खांद्याला ओढेल का? त्याने त्यांना विहिरीवर नेलं आणि डाव्या हाताने भरली बादली ओढायला लावली.

पोंक्षेबाई दारातून ओरडल्या, “अरे, नळ आहे ना घरात! त्यांच्याकडून कशाला पाणी काढून घेतोयस?”

“परीक्षा घेतोय म्हणतो माझी,” डॉक्टर धापा टाकत म्हणाले.

“मग नापास करून टाक एकदाचा. मी सुटेन.”

बादली वर आली, निम्मी सांडत. महेंद्रने बाईंकडे बघितलं. ‘मी सुटेन’ हे त्या थट्टेने म्हणाल्या होत्या. तो मनातल्या मनात म्हणाला, पास झाले तर एक नाय बाई, दोन माणसं सुटतील, मी नि मनाली.

गणपतीनंतर नळीचे तुकडे आले. ते सांधायला लांब सरळ जागा हवी, म्हणून शेजारच्या दत्ताराम खारव्याच्या अंगणात पसरले. दत्तारामने मासेमारीत जन्म काढलेला. तो विडी ओढत म्हणाला, “ह्यां काय, मांडव घालतोस काय कुनाचा?”

“माजाच,” महेंद्र म्हणाला. “खेडला जातोय नांदायला.”

दत्ताराम खोकेपर्यंत हसला.

फिरकी बोटीवर चढवताना महेंद्रने जीव ओतला. शीड वर नेणारा दोर तारेला समांतर राहिला तर फिरताना तिलाच गुरफटतो, म्हणून डोलकाठीवर चढून त्याला मागे खेचणारी कडी बसवली. खाडीत वारा पडलेला असताना डॉक्टरांनी दोर ओढला. शीड निमूट गुंडाळलं. पुन्हा सोडलं, पुन्हा गुंडाळलं. तेव्हा महेंद्रने अखेर तोंड उघडलं.

“साहेब, दसऱ्याला वाऱ्यात एक फेरी मारू. चालली नीट तर मी त्याच दुपारी खेडला जाईन म्हनतो. ऱ्हायलाच.”

डॉक्टर शिडाकडे बघत राहिले. “बघू. आधी चालू तर दे.”

एवढ्या एका फेरीवर सगळं आलं. मनालीला त्याने फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “संध्याकाळी विहारात धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम आहे. पांढरा शर्ट इस्त्री करून आणा. इथे येऊन इस्त्री शोधू नका.”

दसऱ्याला जेटीवर सगळ्या होड्या नटतात. इंजिनाला हळद-कुंकू, नाळेला झेंडूचा हार, फुटलेल्या नारळांचं पाणी. महेंद्र सकाळी छोट्या डिंगीतून जेटीजवळच नांगरलेल्या टिटवीपाशी गेला तर दत्ताराम आधीच नाळेवर. मच्छव्याची नाळ कशी उंच, मान ताठ केल्यासारखी उभी असते, तिच्या गळ्यात हार शोभतो. टिटवीला तसा गळाच नाही. दत्तारामने शोधून शोधून गळ्यासारखी एकच गोष्ट काढली होती, ती नवी फिरकी. रिळाच्या बरोबर भोवती हार, प्लॅस्टिकच्या दोऱ्यात ओवलेला, दोन गाठी मारून पक्का.

“दत्तारामभाऊ, जरा वर कठड्याला बांधा ना,” महेंद्र म्हणाला.

“आता तू माला शिकवनार काय रे, हार कुटं बांधायचा तां?”

बोलला तो हसतच. पण जेटीवरच्या चारपाच माना वळल्या. महेंद्रचा पुढे गेलेला हात तिथेच थांबला. गावात आता कुणी उघड काही म्हणत नाही. एका टपरीवर एकाच ग्लासात चहा होतो. पण महेंद्रचा बाप आपल्या गावच्या जेटीवर दसऱ्याच्या नारळाला लांब उभा राहिलेला माणूस होता, आणि गमऱ्याच्या पोराने दसऱ्याचा हार तोडला ही गोष्ट एकदा सुटली तर किती वर्षं फिरेल, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. हार नंतर दत्ताराम गेल्यावर काढू म्हणावं, तर डॉक्टर आणि बाई दुसऱ्या होडीतून येऊन टिटवीवर बसलेसुद्धा. बाईंनी हात जोडले. “किती छान दिसतेय टिटवी!” महेंद्रने हार तसाच राहू दिला. दोरा बारीक आहे, तुटेल, असं त्याने स्वतःला सांगितलं.

ओहोटी लागली होती. बाई सुकाण्यावर, डॉक्टर दोरापाशी, आणि महेंद्र पांढऱ्या शर्टात पाहुण्यासारखा मागे बसलेला. खाडीच्या तोंडाशी शीड सुटलं ते झकास. झेंडूच्या पाकळ्या उडून पाण्यात पडल्या. टिटवी एका अंगावर कलली आणि डॉक्टरांनी शीळ घातली.

मग पश्चिमेचा वारा चढला. ओहोटीचं पाणी बाहेर आणि वारा आत, दोघांची टक्कर होऊन लाटा उभ्या राहायला लागल्या. पलीकडे बंदराकडे निघालेलं एक मालवाहू जहाज डोंगरासारखं सरकत होतं.

“आता आवरा,” महेंद्र म्हणाला.

डॉक्टरांनी दोर ओढला. दोन वेढे झाले आणि दोर आखडला. पुन्हा हिसका. काही नाही. निम्मंअर्धं शीड फडफडून बोट थरथरायला लागली.

“महेंद्र, जा रे, बघ काय झालंय.”

त्याचं शरीर उठलंसुद्धा. हात कठड्यावर, पाय पुढच्या फळीवर. वर्षानुवर्षं ही हाक आली की शरीर मनाला विचारत नसे. काय झालंय हे त्याला न बघताच कळलं होतं. शीड सोडताना रीळ फिरलं आणि हाराचा दोरा आत ओढला गेला. पुढे जायचं, चाकू लावायचा, घटकाभराचं काम. आणि मग उद्या, परवा, पुढच्या दसऱ्याला, हेच. फिरकी असो नाहीतर नसो, नाळेवर महेंद्र. शिवाय तोडलेला हार त्याच्या नावावर.

तो परत खाली बसला.

“साहेब, तुमी जा.”

“मी?”

“मी सुकाणू धरतो. नाळ वाऱ्याच्या तोंडावर ठेवतो. जाकीट घातलांय, पट्टा कठड्याच्या तारेला अडकवा नि बसत बसत जा. उभं ऱ्हायचां नाय.”

“अरे, माझा खांदा—”

“डाव्या हाताने बादली काढलीत ना?”

डॉक्टरांनी बायकोकडे बघितलं. बाई घाबरल्या होत्या, पण सुकाणू महेंद्रकडे देता देता म्हणाल्या, “जा की. पाहुण्यांना सांगत असता ना, मी दर्या पाठ केलाय म्हणून?”

डॉक्टर निघाले. रांगणाऱ्या पोरासारखे, ढुंगणावर सरकत. लाट आली की फळीला मिठी मारत. महेंद्रने सुकाणू धरलं होतं पण जीव मुठीत होता. म्हातारा घसरला तर? आपल्या सुटकेपायी आपण कुणाला कुठे पाठवलं? एक लाट नाळेवरून आली आणि डॉक्टर दिसेनासे झाले. बाईंनी महेंद्रचा दंड आवळला. पाणी ओसरलं. डॉक्टर तिथेच होते, निथळत.

“हार आहे रे! दोरा आत गेलाय!”

“चाकू खिशात हाय तुमच्या! कापा!”

“दसऱ्याचा हार, महेंद्र—”

“तुमीच कापा, साहेब! मी कापला तर त्याची गोष्ट होईल. तुमी कापलात तर नुसता दोरा!”

वाऱ्यात ते डॉक्टरांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. बाईंना मात्र गेलं. त्यांचा हात दंडावरून हळूच सुटला. डॉक्टरांनी चाकू लावला, ओढून ओढून दोरा काढला, आणि बसल्या जागी रीळ हाताने फिरवून बघितलं. मागून बाईंनी दोर खेचला. शीड गुंडाळलं गेलं, शेवटच्या कोपऱ्यापर्यंत.

जेटीवर उतरताच दत्तारामने विचारलं, “डॉक्टर, हार कुटं गेला?”

“मी कापला. रिळात अडकला होता.”

“होय काय?” दत्ताराम म्हणाला. “असूं दे. पुडच्या वर्षी वर बांदू.” आणि तो विडी शोधायला लागला.

एवढंच. महेंद्र बघत राहिला. जी गोष्ट त्याच्यासाठी वर्षानुवर्षं फिरली असती, ती डॉक्टरांसाठी विडी पेटायच्या आत विझली. बरं वाटलं आणि वाईटही.

डॉक्टर ओलेचिंब, पण चेहऱ्यावर शाळेतलं बक्षीस मिळाल्यासारखं तेज. “काय मजा आली रे! आता असं करू. पुढे मी जात जाईन, तू मागे बस. सोमवारी भरती चांगली आहे.”

 एवढं करून महेंद्र नाळेवरून निघाला आणि सुकाण्यावर येऊन अडकला होता.

“सोमवारी नाय, साहेब.”

“मंगळवारी चालेल.”

“मी खेडला चाललोय.”

“हो, म्हणजे परत आल्यावर—”

“अहो,” पोंक्षेबाई म्हणाल्या, “तो नाही म्हणतोय. ऐका जरा.”

 डॉक्टरांचा टॉवेल गळ्यातच राहिला. टिटवीकडे बघितलं, महेंद्रकडे बघितलं. ते पहिल्यांदाच म्हातारे दिसले आणि महेंद्रला वाटलं, संपलं, आता आपण थांबतो. बाईंनी त्याची पिशवी उचलून त्याच्या हातात दिली. शर्टाच्या इस्त्रीचं तर मीठ झालं होतं.

एसटी उभीच होती. महेंद्र खिडकीपाशी बसला तर खाली डॉक्टर, धावत आलेले.

“त्या रिळाला गोडं पाणी कधी मारायचं?”

“दर खेपेला. बादलीभर.”

“आणि ग्रीस?”

“ग्रीस अजिबात नाय. रेती धरतां.”

कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली तसे डॉक्टर दोन पावलं बरोबर चालले. “आणि वारा एकदम वाढला तर निम्मंच शीड ठेवायचं, की...”

महेंद्रने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग मिटलं. गाडी चढणीला लागली. मागे डॉक्टरांचे ओठ अजून हलत होते.