शेवटच्या पेटीवर बसलेले तात्या

समस्त वाचकवर्गास गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने मला इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश दिला, त्यात माझ्या गुणांचा हात फारच थोडा होता. ते काम आमच्या गावचे गावकर, म्हणजे देवळाचे मानकरी, भिवातात्या यांनी देवाकडून करवून घेतलं. कोणाला शंका असल्यास ती मनातच ठेवावी. तात्यांसमोर शंका काढायची प्राज्ञा आमच्या वडिलांचीसुद्धा नव्हती.

देवळात गाऱ्हाणं घालायचा मान तात्यांचा. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मागणं मांडायचं. हात जोडलेले, पण थाट वकिलाचा. दर मागण्याला जमलेल्या मंडळींनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा!’ म्हणायचं. तात्यांना या मानाची इतकी सवय जडली होती की अंडी न देणाऱ्या कोंबडीलाही ते हात जोडून समजावत. आणि गावाला तात्यांची इतकी सवय की एकदा ऐन गाऱ्हाण्यात त्यांनी खिसे चाचपत विचारलं, “माझी तपकिरीची डबी कोणी घेतल्यान रे?” तर सगळा गाव गरजला, “व्हय म्हाराजा!”

साठ सालानंतरची गोष्ट. पुण्याहून बी. ई. होऊन मी घरी आलो होतो. अमेरिकेला अर्ज धाडला होता आणि उत्तराची वाट बघत होतो. वडिलांची हापूसची बाग होती. त्यांनी मुदतही आंब्याच्या हिशेबात घातली. “शेवटची पेटी मुंबईक जायसर उत्तर इला तर जा. नायतर मामाकडे कामाक लागायचा.” मामा बंधाऱ्यांचे ठेकेदार होते आणि त्यांना घरचा, म्हणजे फुकटचा, इंजिनिअर हवा होता.

दुपारी टपालाची एस.टी. यायची. मी वडाच्या पारावर जाऊन बसायचो, आणि माझ्याआधी तात्या तिथे हजर असायचे. बायको वारल्यापासून घरात एकटेच, मूलबाळ नाही. मला उशीर झाला तर मलाच दटावत, “खंय होतंस? गाडी काय तुझ्यासाठी थांबतली?” टपाल नसलं की एस.टी.च्या पाठीकडे बघून म्हणत, “जा, उद्या तोंड धुवन ये.”

एके दिवशी त्यांनी ठरवलं, गाऱ्हाणं घालायचं. पण अडचण मोठी निघाली.

“आपल्या देवाची हद्द खाडीपर्यंत,” तात्या म्हणाले. “खाडयेपलीकडे दुसऱ्या गावचो देव. ह्या गावान त्या गावाक, त्या गावान फुडच्याक, असा सांगत सांगत जावक व्हया. अमेरिकेचो राखणदार कोण?”

“माका म्हायत नाय, तात्यानू.”

“चार वर्सां इंजिनेरी शिकलंस, नि ह्या म्हायत नाय? मगे अर्ज केलंस कोणाक?”

“विद्यापीठाक.”

“त्या कारकुनांचा सांगू नको. मालक कोण ता सांग. नि तो घेता काय? कोंबो की नारळ?”

“थंय नारळ होणत नाय.”

नारळाशिवाय देवपण कसं चालतं हे तात्यांच्या ध्यानात येईना. शेवटी त्यांनी गाऱ्हाणं घातलं, “थंय जो कोण राखणदार आसात, नारळ मिळणा नाय म्हणान उपाशी आसात, तेका आमचो निरोप पोचव. ह्या झिलाक थंय जागो दी, नि तुझो नारळ आमच्याकडे लागलो!” गाव म्हणाला, व्हय म्हाराजा.

राखणदाराने मात्र घाई केली नाही. आंबा संपत आला. शेवटची पेटी भरून आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आली, ती बंदरावर न्यायला गाडीवान बैल जुंपून उभा राहिला. तेवढ्यात तात्या आले आणि सरळ त्या पेटीवर बसले.

“तात्यानू, उठा. बोट चुकतली,” वडील म्हणाले.

“चुकांदे. पेटी गेली नाय, म्हणजे मुदत सरली नाय.”

“आंबे पिकतले!”

“मगे? झाडार काय करीत होते?”

गाडी रिकामी गेली. तात्यांनी जेवण तिथेच मागवलं, दुपारची झोपही तिथेच, बसल्या बसल्या. वडील घरात येरझारा घालत आणि दारातून डोकावून “हट्टी म्हातारो!” म्हणत. पेटीतून वास सुटू लागला. मग तो शेजाऱ्यांकडे पोचला आणि शेजारी तात्यांना भेटायला येऊन पेटीकडे बघत बसू लागले.

आणि पाचव्या दिवशी दुपारच्या एस.टी.ने निळं विमानी पाकीट आलं. मी वाचून दाखवलं, ‘प्रवेश दिला आहे.’ तात्या पहिल्यांदा पेटीवरून उठले, वडिलांकडे बघून म्हणाले, “आता धाडा खंय ती!” पण आंबे आता मुंबईला धाडण्याजोगे राहिले नव्हते. सगळ्या खळ्याने ते आंबे कोपरापर्यंत ओघळ आणत खाल्ले. वडिलांनीही. बाठी चोखताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

निघायच्या दिवशी देवळात निरोपाचं गाऱ्हाणं होतं. तात्या नवं धोतर नेसून उभे राहिले.

“बा देवा म्हाराजा, हो आमचो झील दर्यापार चल्लो. हेका सुखरूप पोचव.”

“व्हय म्हाराजा!”

“शिकान मोठो कर.”

“व्हय म्हाराजा!”

“आणि थंय...” तात्या खिशात तपकिरीची डबी शोधू लागले. डबी हातातच होती. मग देवाकडे बघून, कोर्टात पडती बाजू मांडणाऱ्या वकिलासारखं, ते एकदम बोलून गेले, “नायतर असा कर म्हाराजा, हेका हंयच ऱ्हवांदे. दुसऱ्या कोणाक तरी धाड!”

गाव सवयीने ओरडला. पण त्यात सगळ्यांत मोठा आवाज, सवयीने म्हणा की मनापासून, आमच्या वडिलांचा होता:

“व्हय म्हाराजा!”