चॅपलमागची बाळं

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. माझ्या बायकोपाशी, मेधापाशी, तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

२०२१च्या उन्हाळ्यात मेधा आणि मी आयर्लंडमधल्या एनिस गावाजवळच्या एका शेतात मोजणीला जायचो. मी फार्मा प्लँटमधला इंजिनियर. गावातल्या मंडळींना तिथल्या पडक्या चॅपलचा, म्हणजे जुन्या छोट्या चर्चचा, नकाशा करायचा होता, आम्ही दोघं हौसेने सामील झालो. हजारेक वर्षांच्या भिंती, आता कमरेएवढ्याच उरलेल्या — पण आत पाऊल टाकलं की आवाज आपोआप खाली यायचा. एका दगडावर क्रॉस कोरलेला होता. त्यावर बोट फिरवलं की छिन्नीचा घाव न् घाव हाताला लागायचा.

चॅपलच्या मागे, गवतात, ओंजळीत मावतील एवढे दगड. नाव नाही, काही नाही.

शेताची मालकीण नोरा, ऐंशीच्या पुढची, म्हणाली, "ही बाळं. बाप्तिस्म्याआधी गेलेली. चर्चच्या जागेत घेत नसत, म्हणून लोक इथे आणायचे. माझा भाऊ त्या तिथे आहे."

मोजणीची जीपीएस काठी माझ्या हातातच होती. किती आईबाप आले असतील इथे — या भिंती तरी आपल्या बाळाला जवळ घेतील म्हणून?

मेधाने नोराला विचारलं, "तुमच्या आईने बघितलं होतं त्याला?"

"दिवसभर मांडीवर घेऊन बसली होती."

मेधा गवताकडे बघत म्हणाली, "मला बघू दिलं नाही. कोविड होता ना."

नाही — कोविडचा काही संबंध नव्हता. आदल्या वर्षी आमची मुलगी मृत जन्मली, तेव्हा मेधा भुलीत होती. नर्सने मला विचारलं, "ती जागी झाली की बाळाला तिच्याजवळ आणू?" मी म्हणालो, आमच्यात बघत नाहीत, तिला विचारूही नका. अशी कुठली रीत? मी तिथेच रचली. मेधाचं रडणं मला बघवणार नव्हतं — बस, एवढंच. तिला सांगितलं, कोविडमुळे देत नाहीत.

नोराने मेधाचा हात हातात घेतला. बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं, नाही का? मी पुढच्या दगडाशी गेलो, काठी टेकवली, रीडिंग घेतलं.

मी बघितलं होतं तिला. नर्सने कापड जरासं बाजूला केलं तेव्हा. दाट काळे केस — कपाळावर आलेले. मेधाला वाटतं, आमच्या दोघांपैकी कुणीच तिला बघितलं नाही.