रोहनाची साल आणि सरांचा शक

रोहनाच्या झाडाची साल सोलली का खाली अजून साल. कॉलेजातल्या किश्शांचं तसंच. एक काढला का दुसरा निघते. मी चौथी नापास. पांढरकवड्याच्या जंगलातून यवतमाळच्या एका कॉलेजात झाडपाला पुरवतो. पीएचडीवाल्या सीमा मॅडम तिथं तो कॅन्सरवर चालते का, हे पाहून राह्यल्या.

*

पयल्याच दिवशी त्याईनं काचेची डबी दाखवली. "काका, यात कॅन्सरच्या पेशी आहेत. जिवंत!"

"कोनाच्या?"

"एका पेशंटच्या. तो केव्हाच वारला."

घरमालक मेला अन् भाडेकरू अजून जिता! म्हटलं, "मॅडम, याले हाकलनं सोपं नाही."

*

मे महिन्यात लाइन गेली, डबी ठेवाची मशीन बंद पडली. मॅडम रडकुंडीले आल्या. "पेशींना सदतीस डिग्रीच लागते, काका!"

"बाहेर पंचेचाळीस आहे. अंडे असते तं उकडून खाल्ले असते."

मॅडम हसल्या नाहीत. पण ओलं फडकं मागितलं!

*

मंग माझ्या सालीनं पेशी मेल्या! मॅडम नाचल्या. त्याईचे मोठे सर नाही नाचले. "पुन्हा करून दाखव," म्हणे. साल सरानं स्वतः जाऊन आणली, त्याच झाडाची.

पेशी जशाच्या तशा.

सर साऱ्याईसमोर बोलले, "आकडे बनवलेस तू! पंधरा दिवसांत सिद्ध कर, नाहीतर पीएचडी विसर."

*

दुसऱ्या दिवशी मॅडम माझ्या दारात. डोळे सुजलेले. "काका, झाड तेच होतं ना?"

"माझ्यावर शक? बायको ओळखाले चुकीन, झाड नाही चुकनार!"

"मग माझ्यासमोर साल काढा. नेहमी काढता तश्शीच."

गेलो जंगलात. बापानं शिकवलं तसं केलं. हळद भिजवली, खोडाले चांगली माखली, तांदूळ वाह्यले, हात जोडले. मंग त्याच जागी कुऱ्हाड घातली. साल पिशवीत.

मॅडम माझ्या पिवळ्या बोटाईकडं पाहून राह्यल्या.

"काका, हे दरवेळी लावता?"

"मंग! न इचारता कोनाची कातडी सोलू? चोर हाओ का मी?"

"आणि सरांनी लावली होती?"

"सर कायले लावतीन? शिकेल मानूस!"

मॅडमनं एक कोरी पिशवी काढली अन् हात पुढं केला.

"काका, ती हळदीची पुडी इकडे द्या."