ताईने निवडलेली पुस्तकं

पुणे स्टेशनवर गाडी सुटताना आईने डबा दिला आणि ताई, तू पुस्तकांची जडशीळ पिशवी. "थोर कादंबऱ्या निवडल्यात, क्रमाने वाच. नाहीतर तिकडे मठ्ठ होशील," म्हणालीस. अगं, मी तंजावरच्या मराठी घरात नांदायला चालले होते, जंगलात नव्हे. पण तू कधी ऐकतेस?

खरं सांगते, जळायचे मी तुझ्यावर. तुमचं ते वाचक मंडळ, चहा, वाद, मग फोटो. इथे घरात मराठी बोलतात सगळे, पण देवनागरी एकालाही वाचता येत नाही. कादंबरी संपवून मी बोलू कुणाशी, फिल्टर कॉफीशी?

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "मोठ्यानं वाच की." मग दुपारी त्या केळीच्या धाग्यात मोगरा गुंफायच्या आणि मी वाचायचे. त्यांची मराठी जुन्या वळणाची, हेल तमिळ. माझे निम्मे शब्द समजावून सांगावे लागत. तुझ्या पिशवीतली एक नायिका नवऱ्याचं घर सोडून निघाली, तशा त्या म्हणाल्या, "ही तर आमची पापनाशमची चित्ती." चित्ती म्हणजे त्यांची मावशी. कादंबरी राहिली बाजूला, त्या दिवशी मावशीचंच पुराण झालं.

पोंगलला तू आलीस आणि पुढचं प्रकरण वाचून दाखवलंस. काय तो आवाज, काय ते थांबे! सासूबाई मध्येच काही बोलू गेल्या, तर तू "पुढे ऐका ना" म्हणून हात वर केलास. तरी नंतर मला म्हणाल्या, "तुझी अक्का किती गोड वाचती." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुणं तुझं, मंडळ तुझं, आता सासूही तुझीच?

शिवाय पुण्याला परत गेल्यावर तू फोन केलास, रोज फोनवर मीच वाचून दाखवते म्हणून. मी फोन सासूबाईंच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायला लागले. त्यांचं बोलणं ऐकू आलं तेव्हा थांबले.

"गोड वाचतीस पोरी. पण मी मधे बोलले तर तू थांबत नाहीस. ही थांबती."

हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

परवा मी माहेरी यायला निघाले, तेव्हा सासूबाईंनी अर्धवट राहिलेल्या पुस्तकात खुणेला केळीचा धागा घातला आणि ते आपल्या उशाशी नेऊन ठेवलं. स्वतःला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही, तरी. माझं घर कुठे विचारलंस तर त्या धाग्यापाशी. आता तू जळ थोडी.