चपलेला लागलेली माती

खाणीची तपासणी संपली, की नाईकवडी साहेब सायकलवर टांग मारण्याआधी पायांतल्या चपला काढत आणि बांधावर एकमेकींवर फटाफट आपटत. पहिल्या भेटीत मला वाटलं, साहेब फारच टापटिपीचे दिसतात. मी लगबगीनं पाण्याची बादली मागवली.

"पाणी नको, शेठ," ते म्हणाले. "माती मावशींची आहे. चपलेला लागली म्हणून कचेरीत कशाला न्यायची?"

हा माणूस आपल्याला जड जाणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

सत्तरच्या आसपासचा काळ. भोसरी-चिंचवडकडे कारखान्यांमागून कारखाने उठत होते. त्यांच्या आवारांत भर घालायला मुरूम लागे आणि तो मी चाकणच्या रस्त्यावरच्या खाणीतून पुरवी. खाण ज्या रानात होती, ते हौसाबाईंचं; साहेबांच्या मावशी त्या ह्याच. नवरा वारल्यावर त्यांनी ते मला मुरमापुरतं दिलं होतं. दुसरं रान त्यांना नव्हतं, त्यामुळे हेच पुन्हा पेरता यायला हवं होतं. परवान्यातही तशी अट होती: वरची काळी माती आधी बाजूला काढून ठेवायची आणि शेवटी खड्डा भरून ती परत वर पसरायची. असल्या अटी वाचायच्या नसतात, असा आम्हा ठेकेदारांचा समज होता.

नाईकवडी साहेबांना मात्र त्या वाचायची सवय होती. अंगानं बुटके, तोंडात सदा लवंग. चहा विचारला की जिभेवरची लवंग दाखवायचे, म्हणजे विषय संपला. खाण किती खोल गेली ते पाहून झालं, की मातीच्या ढिगापाशी जाऊन "काय, तब्येत बरी ना?" असं त्या ढिगालाच विचारायचे. एकदा माझा ड्रायव्हर ढिगावर जेवायला बसलेला दिसला. "ऊठ राव!" साहेब ओरडले. "कुणाच्या भाकरीवर बसून भाकरी खातोस?"

मुरूम संपला. कारखान्यांकडचा राडारोडा आणून आम्ही खड्डा भरला, जमीन सपाट केली आणि साहेबांना बोलावलं. काम पुरं झाल्याचा त्यांचा शेरा मिळाल्याशिवाय मला पुढची खाण मिळणार नव्हती. साहेबांनी एक चक्कर मारली आणि विचारलं, "काळी माती कुठाय?"

माझा मुकादम शंकर छाती फुगवून पुढे झाला. "तळाला घातली, सायेब. समदी. एक पाटीबी वाया घालवली न्हाई."

"तळाला?"

"व्हय. आंबा लावताना चांगली माती खड्ड्याच्या तळालाच घालत्यात न्हवं?"

मीही मान डोलावली, कारण मला ते पटलेलंच होतं. साहेब इतके हसले की त्यांची लवंग तोंडातून उडाली. हौसाबाई मात्र हसल्या नाहीत. "म्हंजी माजं रान दगडाखाली गेलं का वो?" त्यांनी विचारलं.

साहेबांचं हसू थांबलं. "शेठ, मावशींना आंबा नाही, भुईमूग लावायचाय. उपसा सगळं."

"अहो, पाऊस तोंडावर आलाय!"

"म्हणून तर आजच सुरू करा."

राडारोडा बाहेर, काळी माती बाहेर, राडारोडा पुन्हा आत आणि माती त्याच्यावर. मनातल्या मनात मी साहेबांना इतक्या शिव्या दिल्या, की त्यांना उचकी कशी लागली नाही याचंच नवल. ते रोज कचेरीतून परस्पर येत आणि बांधावर बसून राहत. शेवटी पाट्या उचलायला माणसं कमी पडली, तेव्हा बाह्या सरसावून स्वतः रांगेत उभे राहिले. त्या दिवशी मी शिव्या द्यायचं सोडून दिलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. पाऊस यायच्या आत काळी माती वर आली, आणि मला शेराही मिळाला.

पुढे दोन हंगामांनी साहेबांची बदली झाली. ते निरोप घ्यायला आले, तेव्हा भुईमूग काढणीला आला होता. आजवर त्यांनी कुणाकडून घोटभर चहाही घेतला नव्हता, पण हौसाबाईंनी उपटून पुढे केलेले शेंगांचे वेल त्यांनी दोन्ही हातांनी घेतले. मग ते सरीत वाकले आणि मुळांना लागलेली माती हळूहळू झटकू लागले.

"सायेब, येवडी तरी ऱ्हाऊ द्या की," हौसाबाई म्हणाल्या. "तुमी व्हता म्हून हाय ती. तुमचीबी हायेच."

"म्हणूनच तर इथं ठेवून चाललोय, मावशी."

वेल त्यांनी सायकलच्या कॅरिअरला बांधले. मग सवयीनं चपला काढल्या आणि बांधावर आपटल्या. का कोण जाणे, मीही माझ्या काढल्या.