हितेशच्या वाटचा भात

हितेश घरत भात खात नाही ही बातमी गावात पसरली, तेव्हा लोकांना वाटलं त्याला पोलिओ झालाय. चूक त्याच्या मित्राची, रघूची. नाक्यावर कुणीतरी विचारलं की हितेश एवढा कसा उतरला, तर रघू म्हणाला, "त्याचं पॅलिओ चाललंय." संध्याकाळी शेजारची गोदूबाई वाटीभर खिमट घेऊन हितेशच्या बायकोकडे हजर.

"बाय गो मानसी, या वयात पोलिओ? लहानपनी डोस न्हाय का दिला त्याला?"

मानसी गॅसकडे तोंड करून हसली. मग वळून म्हणाली, "डोस दिला काकी. भाताचाच जास्त झाला."

हितेश न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो. चालवतो म्हणजे बराच वेळ बंदराच्या गेटच्या रांगेत बसून राहतो. पंधरा वर्षं तो असा बसला, आणि बसल्या बसल्या वडापाव, समोसा, गोड चहा, पुन्हा वडापाव. घरी आला की परातीएवढं ताट. चाळिशीत त्याला साखर निघाली. त्याचं त्याने फार मनावर घेतलं नाही. पण एके दिवशी बूट चावून उजव्या अंगठ्याला जखम झाली आणि महिना झाला तरी ती भरेना, तेव्हा त्याला रात्री झोप लागेनाशी झाली.

कारण त्याच्या बापाचं असंच सुरू झालं होतं. धाकू घरत मिठागरात राबलेला माणूस. त्याचाही उजवाच अंगठा. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. डॉक्टरांनी भात बंद करायला सांगितलं आणि कृष्णाबाईने, म्हणजे हितेशच्या आईने, तो इमानाने बंद केला. शेवटच्या दिवसांत धाकूने तिच्याकडे घासभर भात मागितला. तिने दिला नाही. दोन दिवसांनी तो गेला. तेराव्याला तिने भाताचा डोंगर रांधला, पण तो कावळ्यांचा आणि पाहुण्यांचा. "माजा मानूस उपाशी गेला," हे वाक्य ती त्यानंतर भांडी घासता घासताही म्हणायची.

अशा घरात हितेशने भात सोडला.

पॅलिओ त्याला रघूनेच दाखवलं होतं, मोबाइलवर. आदिमानव जे खायचा ते खायचं: मासे, मटण, अंडी, भाज्या, खोबरं. शेती सुरू झाल्यावर जे आलं ते सगळं बाद. रघूने स्वतः ते दीड महिना केलं आणि एका लग्नाच्या हळदीत तांदळाच्या भाकरीवर सोडून दिलं. हितेशने धरून ठेवलं. उरणच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "गोळ्या माझ्या चालू, खाणं तुमचं चालू, आणि दर महिन्याला पाय दाखवायला यायचं." त्याने तिन्ही गोष्टी ऐकल्या.

ऐकायला सोपं. पण या घरात माशाला तांदळाचं पीठ लावल्याशिवाय तवा तापत नसे. वाल बाद, म्हणजे बिरडं गेलं. दूध बाद, म्हणून कोरा चहा. थंडीत मित्रांनी शेतावर पोपटी लावली, की मडक्यातली कोंबडी आणि अंडी हितेशची, वालाच्या शेंगा बाकीच्यांच्या. त्यामुळे मित्रांचा पॅलिओला विरोध होता.

"आदिमानवाला एवढी कोंबडी मिलत व्हती का रं?" रघू विचारायचा.

आणि हे सगळं उभं होतं मानसीच्या कमरेवर. सकाळी उठून त्याच्या डब्यासाठी उकडलेली अंडी, बिनपिठाचे बोंबील, दुधीची भाजी. त्यानंतर घरासाठी पुन्हा सगळं. लोक हितेशला म्हणायचे, "मानलं बुवा तुला." मानसीला कुणी काही म्हणायचं नाही. चौथ्या महिन्यात तिने एका सकाळी मांदेल्यांची पिशवी त्याच्या हातात दिली आणि विळी पुढे सरकवली. "आदिमानव स्वतः साफ करायचा," ती म्हणाली. त्या दिवसापासून मासे हितेश साफ करतो. वाईट करतो, पण करतो.

तोही काही संत नव्हता. लग्नसराईत घसरला. एकदा रांगेत बसल्या बसल्या तीन वडापाव खाल्ले आणि मानसीला खोटं बोलला. ते तिला त्याच्या शर्टावरच्या सुक्या चटणीने सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा घेऊन गेला. धरलेलं सुटायचं आणि सुटलेलं तो पुन्हा धरायचा. खाडीच्या बांधावरून सकाळी चालायला लागला, पायाला रोज तेल लावायला लागला, अनवाणी फिरायचं बंद केलं. अंगठा हळूहळू भरत आला.

कृष्णाबाईला मात्र यातलं काही दिसत नव्हतं. तिला दिसत होतं ते ताट. त्यात पापलेट असो, चिंबोरी असो, जिताड्याचा तुकडा असो. भात नाही म्हणजे ते जेवण नाही. इथे जेवण म्हणजेच भात. बाकीचं सगळं भाताबरोबरचं.

"जेवलास?" ती रोज रात्री विचारायची.

"जेवलो, आये."

"मासली खाल्लीस. जेवलास कवा?"

तिने एकदा गुपचूप सुरमईला तांदळाचं पीठ लावून ठेवलं. हितेशने ते बोटाने खरवडून काढलं. त्यानंतर रात्रीचा भाताचा टोप अर्धाअधिक उरायला लागला. मानसीला आधी वाटलं तांदूळ जास्त पडतात. तिने एक मूठ कमी केली. तरी उरलाच. मग तिने लक्ष ठेवलं. सासूबाई कपभर चहात बिस्किट बुडवून खायच्या आणि ताट विसळून पालथं घालायच्या. जन्मभर त्या घरातल्या पुरुषांच्या मागून जेवल्या होत्या. आता घरातला पुरुष जेवतच नव्हता, तर त्यांची पाळी येणार कधी?

"आई, हा कसला हट्ट?" मानसीने विचारलं.

"हट्ट न्हाय गो. एक उपाशी गेला. दुसरा उपाशी असताना माज्या घशाखाली घास उतरत न्हाय."

मग एका दुपारी अंगणात वाळत घातलेले बोंबील उलटता उलटता कृष्णाबाईला चक्कर आली. मानसीने फोन केला. हितेश रांग सोडून घरी आला. आई खाटेवर पडली होती, गोदूबाई तिला कांद्याचा वास देत होती. हितेशने हातपाय धुतले, जमिनीवर मांडी घातली आणि म्हणाला, "मानसी, भात वाढ. मी जेवतो."

मानसी डाव हातात घेऊन उभी राहिली.

"वाढ ना."

"आज वाढीन. उद्या? परवा? डॉक्टरकडे पाय दाखवायला मग मीच घेऊन जायचं ना?"

"म्हातारी मरंल त्यापेक्षा बरं."

"वाढ गो त्याला," खाटेवरून कृष्णाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी पाणी नाही, भूक दिसत होती.

मानसीने वाढला. ओठ घट्ट मिटून, मूठभरच. त्यावर कोळंबीचं कालवण. हितेशने भात कालवला, बापासारखाच, चार बोटांनी. घास उचलला. कृष्णाबाई खाटेवर उठून बसली होती, त्याच्याकडे बघत. हाताकडून तिची नजर खाली घसरली, मांडीखालून बाहेर आलेल्या उजव्या पावलावर. अंगठा. भरलेली जखम, तिच्यावर नवी, गुलाबी, कोवळी कातडी. धाकूच्या अंगठ्यावर अशी कातडी कधी आलीच नव्हती. तशा कातडीची ती वाट बघत राहिली होती, आणि त्याआधीच अंगठा गेला होता.

"थांब," ती म्हणाली.

ती खाटेवरून उतरली, त्याच्यासमोर बसली. त्याचं मनगट धरलं आणि घास आपल्या तोंडाकडे वळवला. चावायला तिला वेळ लागला. सगळे बघत होते. शेवटी गोदूबाईच म्हणाली, "मीठ बरोबर हाय ना?"

"जरा कमी हाय," कृष्णाबाई म्हणाली आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

आता याला तीन वर्षं होतील. रोज रात्री हितेशच्या ताटात कडेला मूठभर भात वाढला जातो. तो कालवतो, पहिला घास आईला भरवतो, मग ताट तिच्याकडे सरकवतो आणि आपल्या माशांकडे वळतो. हितेशला उशीर झाला, तर म्हातारी थांबते, हा एक नवा ताप मानसीच्या मागे लागलाच. पण टोप रिकामा होतो. हितेशचे पाय दोन्ही आहेत. लग्नसराईत तो अजूनही अधूनमधून घसरतो, शर्ट आता आधी स्वतःच तपासतो.

मागच्या हळदीला पंगतीत एका पाहुणीने कृष्णाबाईला खोचकपणे विचारलं, "तुजा पोरगा भाताला शिवत न्हाय म्हनं? घरात शिजवता कोनासाठी?"

कृष्णाबाईने भाकरीचा तुकडा मोडला.

"शिजवतो ना. त्याच्या वाटचा मी जेवते," ती म्हणाली, आणि वाढणाऱ्या पोराला भाताची बादली इकडे आण म्हणून हाक मारली.