कोरड्याची खिडकी

बाटली परत आली. भरलेली.

शिपायानं ती दोन बोटांत धरून आणली आणि माझ्या टेबलावर न ठेवता नानांच्या पुढ्यात ठेवली. "मोठ्या साहेबांच्या घरून सांगितलंय," तो म्हणाला, "पातळ औषध नानांच्या हातचं पाहिजे. बाईंनी गोळ्या दिल्या तर चालतील. कोरडं चालतं, असं वहिनीसाहेब म्हणाल्या."

मी तिथंच होते. तीन हातांवर. मी ऐकत नाही असं धरूनच तो बोलला.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नाशिकमधला एक सरकारी दवाखाना, त्यातली औषधांची खोली. फार्मसीचा डिप्लोमा घेऊन मी नोकरीला लागले त्याला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. तेव्हा खोकल्याचं, पोटाचं औषध दवाखान्यातच कालवलं जायचं. माणसं घरून बाटल्या घेऊन यायची. आम्ही बरणीतून मापानं औषध ओतायचो आणि डोस कळावा म्हणून कडेनं कातरलेली कागदी पट्टी बाटलीला खळीनं चिकटवायचो. त्या बाटलीची पट्टी मी फार निगुतीनं कातरली होती. साहेबांच्या घरी जाणार म्हणून! आज त्या निगुतीची लाज वाटते.

नाना आमचे जुने कंपाउंडर. घाटावर यात्रेकरूंचे विधी करणाऱ्या घरातले. डिप्लोमा नाही, पण तीस वर्षांचा बसलेला हात. त्यांनी बाटली मोरीत उपडी केली. तीनदा विसळली. मग बरणीतून पुन्हा भरली. त्याच बरणीतून. ती बरणी सकाळी मी कालवली होती. पाणी मी ओतलं होतं. नानांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "पोरी, तू आपली कोरडं बघत जा. गोळ्या, पुड्या. पातळ मी बघतो. कशाला उगीच बोलणी खायची?"

"बरं, नाना," मी म्हणाले.

ते 'बरं' मला अजून टोचतं. साहेबांच्या बायकोचं बोलणं एकवेळ विसरेन. माझं 'बरं' नाही.

माझा बा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात राखेच्या कामावर होता. संध्याकाळी भुवयांपर्यंत राखाडी होऊन घरी यायचा. म्हणायचा, "काम झाल्यावर हात समदेच धुतात. तू असं काम बघ, ज्याला आधी हात धुवावं लागतात." मी तसलं काम मिळवलं. कोपरापर्यंत हात धुऊन औषध कालवलं. आणि नंतर त्यांनी बाटली धुतली.

घरी आईला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही, याचाच मला जास्त राग आला. ती म्हणाली, "कोरडं चालतं त्यांना. गावात मी डोक्यावरून सरपण आणायची, ते त्यांच्या चुलीत जळायचं. दाणे निवडून द्यायची, ते चालायचे. घागरीला हात लावला की बोंब." आम्ही बुद्ध स्वीकारला, गाव सोडलं, बाबासाहेबांची तसबीर लावलेल्या पक्क्या घरात राहायला आलो. पण सरपणाचा कायदा माझ्याआधी दवाखान्यात येऊन बसला होता.

तेव्हापासून मी कोरड्याच्या खिडकीवर. कुणी हुकूम काढला नाही, कुठं लिहिलं नाही. नाना वाईट नव्हते. डबा खाताना लोणच्याची फोड द्यायचे. वरून, माझ्या झाकणात टाकायचे. मी ती खायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

आणि मग गंमत झाली. बरण्या हळूहळू रिकाम्या पडत गेल्या. कारखान्यातून तयार गोळ्यांचे डबे येऊ लागले, सीलबंद बाटल्या येऊ लागल्या. त्या बाटल्यांतलं पातळ कुणाच्या हातचं, हे कुणी विचारलं नाही. साहेबांच्या घरीही त्याच जायच्या. नानांचं मोजपात्र धूळ खात पडलं. मला कोरड्यावर बसवलं आणि अख्खा दवाखाना कोरडा झाला. रांग सगळी माझ्या खिडकीशी. नव्या गोळ्या, जोरकस गोळ्या. एक जास्त झाली तर माणूस जाईल अशा. मी पुस्तकं काढून पुन्हा वाचायला लागले. खिडकीतून विचारायला लागले. काय होतंय? किती घेता? जेवण जातं का? रांगेतले लोक कुरकुरायचे. "ही बाई लय पंचायती करते!" करत होते मी. कारण डॉक्टर त्यांच्याकडे अर्धा मिनिट बघायचे आणि चिठ्ठी फाडायचे. शेवटचं तोंड माझंच दिसायचं त्यांना.

दिंडोरीहून एक म्हातारी यायची. द्राक्षाच्या बागेत मजुरी करून वाकलेली. हृदयासाठी तिला एक बारीक पांढरी गोळी चालू होती, रोज एक. वर्षभर मीच देत होते. मधे मी पंधरा दिवस रजेवर गेले. परत आले त्या आठवड्यात ती खिडकीशी आली आणि गजांना धरून उभी राहिली.

"काय आजी, बरं आहे ना?"

"कशाचं बरं, बाई? अन्न नको वाटतंय. मळमळतंय. अन् समदं पिवळं दिसतंय. भाकर बी पिवळी, तुझा कोट बी पिवळा."

रांगेतले हसले. कुणी म्हणालं, "आजी, हळद लागली काय?"

मला हसू आलं नाही. त्या गोळीचं प्रमाण जास्त झालं की माणसाला पिवळं दिसतं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. चिठ्ठी पाहिली. रोज एकच्या जागी तीन वेळा. खाली नुकत्याच रुजू झालेल्या डॉक्टरसाहेबांची सही. मागची चिठ्ठीही तशीच. मी रजेवर असताना नानांनी लिहिल्याप्रमाणे देऊन टाकल्या होत्या. नव्या रोग्याला सुरुवातीला एखाद-दोन दिवस तशी देतात. हिला वर्ष झालं होतं. गजांतून हात घालून तिची नाडी धरली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मिनिटाला चव्वेचाळीस.

चिठ्ठी घेऊन मी साहेबांकडे गेले. हळू आवाजात सांगितलं. 'सर' म्हणून सांगितलं. दारात तीसेक पेशंट होते. साहेबांनी आवाज हळू ठेवला नाही.

"कंपाउंडरनं नाडी बघायची वेळ आली का या दवाखान्यावर? सरकारनं तुमच्यासारख्यांना खुर्ची दिलीय, डोकं नाही दिलं. लिहिलंय तेवढं द्या. जा, पुड्या बांधा."

माझे कान तापले. मी परत आले. नाना सगळं ऐकून उभे होते. त्यांनी डबा उघडून गोळ्या मोजायला घेतल्या होत्या. मला म्हणाले, "साहेबांचं डोकं, आपला हात. आपण कशाला जबाबदारी घ्यायची? दे तिला."

आपला हात. कुणाचा हात?

मी डबा ओढून घेतला. झाकण लावलं. "माझा हात चालत नव्हता ना, नाना? मग आजही चालणार नाही. आणि तुमचाही मी चालू देणार नाही."

नाना मागे सरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं.

चिठ्ठीवर लाल शाईनं लिहिलं: 'औषध दिले नाही. रुग्णास पिवळे दिसते. नाडी ४४.' खाली सही, आणि सहीखाली माझं पद. कंपाउंडर नाही. औषधनिर्माता. खिडकी बंद केली, म्हातारीला धरून वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावली, चिठ्ठी वाचली आणि तिला तिथंच भरती करून घेतलं. गोळी बंद. मला एवढंच म्हणाल्या, "खिडकी बंद ठेवू नका, रांग लागली असेल."

म्हातारी वाचली. आठवड्यानं एसटीनं दिंडोरीला गेली. जाताना म्हणाली, "आता तुझा कोट पांढरा दिसतोय गं माय."

आणि मला कचेरीतून कागद आला. कक्षेबाहेर वर्तन. सोबत टाइप केलेला माफीनामा, फक्त सही करायची: 'यापुढे मी माझ्या कामापुरती राहीन.' फाइलमध्ये म्हातारीची चिठ्ठी लावलेली होती. 'तीन वेळा'वर काट मारून 'एक वेळा' झालं होतं. निराळ्या शाईत. साहेब म्हणत होते, मी एकच लिहिलं होतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पण त्या काटेखाली माझी लाल ओळ तशीच होती. ती त्यांना खोडता आली नव्हती. खोडली असती तर मी औषध नाकारल्याचा पुरावा कुठून दाखवला असता?

नाना म्हणाले, "सही कर, पोरी. नोकरी आहे. बरं म्हण आणि सोडून दे."

बरं.

तो शब्द मी एकदा म्हणून बसले होते. त्याची किंमत दिंडोरीची म्हातारी भरणार होती. मी गप्प बसायची सवय लावून घेतली असती, तर तिच्या गोळ्या मीच मोजून दिल्या असत्या. व्यवस्थित, पुडी बांधून.

मी माफीनाम्यावर सही केली नाही. कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'हेच माझे काम आहे.' तो तसाच कचेरीत नेऊन दिला. मोठ्या साहेबांच्या टेबलावर, माझ्या हातानं ठेवला. कागद कोरडाच होता. चालला त्यांना.

माझी बढती अडली ती अडलीच. अडू दे. खिडकी माझी आहे. विचारल्याशिवाय, तपासल्याशिवाय या हातातून काही जाणार नाही. कोरडं नाही, पातळ नाही. कुणाचीही सही असो.